मदत हवी आहे: मंडळीतला अबोला कसा मिटवायचा?

सलाम सगळ्यांना, आम्ही मूळ नगरचे, सध्या म्हापशात असतो, आमची मराठी मंडळी (म्हणजे चर्चची माणसं) अगदी छोटी. झालंय असं की नाताळात गायनाच्या प्रॅक्टिसवरून दोन घरांत वाजलं आणि तेव्हापासून ती एकमेकांना सलामसुद्धा करत नाहीत, प्रभुभोजनाला (चर्चमध्ये भाकर-द्राक्षारस घेतात तेव्हा) मात्र एकाच बाकावर, मधे एक जागा रिकामी (ती बघूनच मला कसंतरी होतं). आता ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे 40 दिवस सुरू होतील आणि घरोघरी प्रार्थनेची यादी करायचं काम माझ्याकडे आलंय. बायबलात मत्तय 18 मध्ये सांगितलंय की आधी एकट्याने जाऊन बोला, मग एकदोघांना घेऊन जा, पण ते ज्याच्याविरुद्ध अपराध झाला त्याने करायचं ना, मी तिसरी बाई मधे पडू का? शेजारच्या कॅथलिक वाड्यावर खुरसासमोर लादाईन (गाऊन केलेली सामूहिक प्रार्थना) झाली की सगळे मिळून चणे खातात, तसं काही प्रार्थनेनंतर ठेवलं तर? की आधी पाळकांना (पास्टरना) सांगू? बायबलातल्या गलतीकरांस पत्राच्या 5व्या अध्यायातलं सहनशीलता, सौम्यता वगैरे पाठ आहे हो सगळ्यांना, तिथेच तर घोडं अडलंय. कुणी असं प्रत्यक्ष मिटवलं असेल तर सांगा प्लीज, पहिलं वाक्य काय बोललात तेही सांगा.