आजीच्या ओव्यांच्या टेक्स्ट फाइल कोणत्या एन्कोडिंगमध्ये (अक्षरांना आकडे देण्याच्या पद्धतीत) आहेत? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आजीच्या जात्यावरच्या ओव्या बाबांनी २००२ च्या सुमारास पंचवटीतल्या घरी टाइप करून ठेवल्या होत्या. त्या फाइल आज उघडल्या, तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चित्रविचित्र चिन्हं. यूटीएफ-८ (आजची युनिकोडची पद्धत) नक्की नाही; फाइलमधले बाइट, म्हणजे साठवलेले आकडे, हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या अंकांत) पाहिले, तर त्या पद्धतीतल्या मराठी अक्षरांच्या ई०-ए४, ई०-ए५ या जोड्या कुठेच नाहीत. इस्की (जुनी भारतीय प्रमाण पद्धत) हीसुद्धा नसावी, त्यात मराठी अक्षरं १६० च्या पुढे असतात, इथे शब्दाच्या मधोमध १२८ खालचे बाइट आहेत. म्हणजे जुन्या डीटीपी (संगणकावरच्या छपाई-मांडणीच्या) फॉन्टचं कोडिंग, ज्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. पण कोणता फॉन्ट, हे टेक्स्ट फाइलमध्ये नोंदलेलं नसतंच ना! पहिली ओळ ‘पहिली माझी ओवी’ असणार, एवढं ठाऊक आहे. त्यावरून फॉन्ट ओळखता येईल का? नाशिकमध्ये कुणाकडे जुने फॉन्ट असतील तर कृपया सांगा, पेन ड्राइव्ह घेऊन लगेच येतो. आजी आता नाही, वहीही सापडत नाही.