परक्या शेतावर राहून केलेला प्रवास: तुमचे अनुभव लिहा

रानवाट
काल रात्री फोनवर एक फोटो आला. ओळखीचा दगडी बांध, ओळखीची विहीर आणि मध्ये नुसते बुंधे. इटलीच्या टाचेकडचा सालेन्तो भाग. २०१२च्या ऑक्टोबरात तिथल्या एका कुटुंबाकडे मी पाच आठवडे राहिले होते. राहणं-जेवण त्यांचं, बदल्यात सकाळचे पाच-सहा तास त्यांच्या ऑलिव्हच्या बागेत काम. पैसे ना त्यांनी द्यायचे, ना मी.

पुढच्याच वर्षी, २०१३मध्ये, त्या भागात झायलेला हा जिवाणू सापडला. रस शोषणारा एक बारका किडा तो या झाडावरून त्या झाडावर नेतो. खोडातून पाणी वर नेणाऱ्या नळ्या बुजतात आणि झाड शेंड्याकडून वाळत खाली येतं. लाखो झाडं गेली, त्यातली काही शेकडो वर्षांची. यांचीही जाणार हे माहीत होतं, तरी फोटो बघून झोप लागली नाही.

मला आठवतो तो पहिला दिवस. झाडाखाली जाळी अंथरली होती, हातात प्लॅस्टिकची फणी. मी जोर लावून ओढत होते आणि फळांपेक्षा पानंच जास्त पडत होती. घरातली आजी आली, माझ्या मनगटावर हात ठेवला आणि फांदी वरून खाली हळूच विंचरली, लहान मुलीचे केस विंचरावेत तशी. फळं जाळीवर टपटप पडली. माझं इटालियन तेव्हा वीस शब्दांचं, पण त्या दिवसानंतर मला कोणी काही समजावून सांगावं लागलं नाही. मी पुढे गेले की ती मागून राहिलेली फळं एकेक वेचून ॲप्रनमध्ये टाकायची.

तोडलेली फळं साठवून ठेवत नाहीत, तेल बिघडतं. म्हणून त्याच रात्री ट्रॉली घाण्यावर. शंभर किलोला पंधरा लीटरच्या आसपास तेल निघालं. ताजं तेल हिरवंगार असतं आणि घशाला झोंबतं. मला ठसका लागला तेव्हा घाण्यावरचे सगळे खूश, ठसका लागतो तेच चांगलं तेल म्हणे.

तुमच्यापैकी कोण कोण असं राहून आलंय? कुठल्याही देशातलं लिहा, चांगलं-वाईट सगळं.

काजवा
वाचून घशात आवंढा आला गं. माझं वेल्स. तिथे शिकायला होते, ईस्टरच्या सुट्टीत मेंढ्यांच्या शेतावर गेले. एप्रिल म्हणजे व्यायचा हंगाम, रात्री आळीपाळीने गोठ्यात जागायचं. कोकराला पहिल्या काही तासांत चीक मिळाला नाही तर ते तगत नाही, त्यामुळे डोळा लागू द्यायचा नाही.

एका रात्री एका मेंढीचं कोकरू मेलेलं आलं आणि दुसरीकडे एक कोकरू आईविना उरलं. शेतकरीदादाने मेलेल्या कोकराचं कातडं सोललं, पायांना भोकं ठेवून, आणि स्वेटरसारखं त्या पोरक्याच्या अंगावर चढवलं. मला बघवेना, बाहेर जाऊन रडले. परत आत आले तर मेंढी त्याचं शेपटाकडचं अंग हुंगत होती. हुंगलं, परत हुंगलं आणि उभी राहिली. कोकरू आचळाला लागलं. ते पीत असताना शेपटी कशी थरथरते ते ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल. दोन-तीन दिवसांनी कातडं काढून टाकलं, तोवर दोघांचं जमलेलं होतं.

दवबिंदू
काजवा, अंगावर काटा 🙏

निवांत_वाचक
एक भाबडा प्रश्न. यासाठी व्हिसा कुठला? टुरिस्ट चालतो का? पगार तर नाहीच ना.

दीपमाळ
@निवांत_वाचक, लोक इथेच फसतात. पगार नाही म्हणजे काम नाही असं प्रत्येक देश मानत नाही. न्यूझीलंडमध्ये राहण्या-जेवणाच्या बदल्यात केलेलं कामही कामच धरतात, नुसत्या व्हिजिटर व्हिसावर चालत नाही. ब्रिटनही कडक आहे. माझ्या मैत्रिणीला एका विमानतळावर तीन तास बसवून ठेवलं, फोनमधले मेसेज वाचले आणि परत पाठवलं. कुठला देश ते लिहीत नाही, पण तिची दोन वर्षांची बचत त्या तिकिटात गेली. त्या त्या देशाच्या इमिग्रेशनच्या साइटवर वाचा. यजमान म्हणाला ‘काही होत नाही’, तरी सीमेवर उभं तुम्हालाच राहायचंय.

याच भानगडीतून वूफचं, म्हणजे असं राहून काम करणाऱ्यांची आणि शेतकऱ्यांची गाठ घालून देणाऱ्या संस्थेचं, नावही बदललं. १९७१मध्ये लंडनमध्ये सेक्रेटरीची नोकरी करणाऱ्या सू कॉपर्ड यांनी हे सुरू केलं, पहिल्या खेपेला चार जण ससेक्समधल्या शेतावर शनिवार-रविवार गेले. तेव्हाचं नाव ‘वर्किंग वीकएंड्स’. पुढे ‘विलिंग वर्कर्स’ झालं, पण ‘वर्कर’ म्हटलं की अधिकाऱ्यांना परदेशी मजूर आठवायचे, म्हणून मग ‘वर्ल्ड वाइड ऑपॉर्च्युनिटीज ऑन ऑरगॅनिक फार्म्स’. आता शंभराहून जास्त देशांत आहे. सभासदत्व मात्र बहुतेक ठिकाणी त्या त्या देशाच्या संस्थेचं वेगळं घ्यावं लागतं.

निवांत_वाचक
बापरे. बरं झालं विचारलं. धन्यवाद दीपमाळ.

सांजवेळ
गॅसवर दूध आहे, पटकन लिहिते. नवरा तोक्योत नोकरीला होता तेव्हा मी नागानोकडे एका म्हाताऱ्या जोडप्याकडे दोन आठवडे गेले होते. डोंगरउतारावर पायऱ्या-पायऱ्यांची भातखाचरं. सप्टेंबरअखेर, कापणी. कापलेल्या पेंढ्या बांबूच्या आडव्या दांडीवर उलट्या टांगून उन्हात वाळवतात. पेंढी दोन भागांत फाकवून दांडीवर बसवायची. माझ्या पेंढ्या घसरून पडायच्या आणि आजोबा काही न बोलता परत बसवायचे. चौथ्या दिवशी एकही पडली नाही, तेव्हा त्यांनी दांडीला हलकेच धक्का देऊन पाहिलं आणि मान डोलावली. एवढंच. मला बक्षीस मिळाल्यासारखं झालं.

संध्याकाळी गरम पाण्याच्या टबात उतरायचा पहिला मान पाहुण्याचा. म्हणजे दिवसभर माझ्या दुप्पट राबलेली आजी थांबणार आणि मी आधी! पहिले दोन दिवस जिवावर आलं. मग कळलं, नको म्हटलं की तिला वाईट वाटतं. काम संपलं की सगळे एकमेकांना ‘ओत्सुकारेसामा’ म्हणतात, म्हणजे दमलात हो, खूप केलंत. त्यांची मुलं शहरात. शेजारच्या तीन घरांना कुलूप. माझ्यासारखे चौघे-पाच जण गेले नसते तर ती खाचरं कोण कापणार होतं?

दूध उतू गेलंच.

दवबिंदू
सांजवेळताई 😄 दूध राहू दे, अजून लिहा.

मातीचे_पाय
माझा अनुभव चांगला नाही, पण लिहायलाच हवा. देश सांगत नाही. प्रोफाइलवर ‘रोज पाच तास’ लिहिलेलं. गेल्यावर सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत प्लॅस्टिकच्या मंडपात टोमॅटोची खुरपणी. झोपायला ओल धरलेली कॅरव्हॅन, हीटर बंद. जेवण म्हणजे आम्ही तिघांनी आपलं आपण शिजवायचं, फ्रिजमध्ये बटाटे आणि कांदे. सहाव्या दिवशी पाठीला सॅक लावून चार किलोमीटर चालत बसथांब्यावर आलो. थांब्यावर बसल्यावर हात थरथरत होते, रागाने की थकव्याने माहीत नाही. ते घरचं शेत नव्हतंच, फुकटच्या मजुरांवर चालणारा धंदा होता. नंतर मी सगळं खरं खरं लिहून रिव्ह्यू दिला. माझ्या आधी आलेल्यांनी दिला असता तर मी गेलोच नसतो.

काजवा
अरे रे. निघालास ते फार बरं केलंस. खूप जण ‘आता आलोय तर’ म्हणून सोसत बसतात.

रानवाट
@मातीचे_पाय, वाईट वाटलं वाचून. हे लिहिलंस म्हणून आभार. मी आता कोणालाही सांगते, जायच्या आधी व्हिडिओ कॉल कर आणि तीन गोष्टी सरळ विचार: तास किती, सुट्टीचा दिवस कोणता, झोपायची जागा दाखवा. चांगल्या घरांना या प्रश्नांचा राग येत नाही. माझ्या यजमानांनी तर फोन हातात धरून मला खोली, संडास आणि कुत्रा, सगळं दाखवलं होतं.

चाफा
मुलगी २१ वर्षांची आहे, तिला एकटीला पोर्तुगालला जायचंय. मी नाही म्हणत नाहीये, पण झोप उडालीय. काय बघू?

सांजवेळ
चाफाताई, आधी राहून आलेल्या मुलींचे रिव्ह्यू वाचा, त्यातल्या एखादीला मेसेज करून विचारा. पहिली रात्र गावातल्या हॉस्टेलवर, यजमानांना दिवसाउजेडी तिथेच भेटायचं. परतीच्या तिकिटाचे पैसे बाजूला काढलेले असू द्यात, ते मोडायचे नाहीत. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि प्रवासविमा विसरू नका. आणि तिने ‘इथे बरं वाटत नाही’ म्हटलं तर कारण न विचारता ‘ये परत’ म्हणा.

चाफा
शेवटचं वाक्य लक्षात ठेवते. मनापासून आभार.

हिरवळ
पोर्तुगाल वाचून आले. तिथे मी एका डोंगरावरच्या घरात महिनाभर होते. संडास कोरडा, पाण्याऐवजी वरून लाकडाचा भुसा टाकायचा, नीट टाकला तर अजिबात वास येत नाही. पण मला विचारायचंय ते वेगळंच. तिथे सॅलडच्या रोपांवर गोगलगायी फार. माझ्याकडेही आता तेच चाललंय. काय करता तुम्ही लोक?

मातीचे_पाय
बदकं! नंतर मी फ्रान्समध्ये एका खरंच चांगल्या घरी गेलो (हो, परत गेलो), तिथे सात बदकं होती. सकाळी दार उघडलं की रांगेत वाफ्यांकडे.

हिरवळ
बाल्कनीत बदक कुठे ठेवू 😅

मातीचे_पाय
मग रात्री टॉर्च घेऊन वेचा. सोपा उपाय नाही. आणि ज्यांच्याकडे बदकं आहेत त्यांनीही रोपं थोडी वाढल्यावरच ती वाफ्यात सोडा, कोवळ्या रोपांना तीही सोडत नाहीत.

पिंपळपान
वय ६३. निवृत्त. या वयात घेतात का? की हे तरुणांचंच?

दीपमाळ
काका, खालची अट बहुतेक ठिकाणी १८ वर्षांची, वरची नाही. आधी कळवा की जड उचलणं जमणार नाही. रोपवाटिका, फळं निवडणं, मधाच्या बाटल्या भरणं, कुंपण रंगवणं, कामं भरपूर असतात.

पिंपळपान
मला मधमाश्यांचं शिकायचं होतं, चाळीस वर्षं राहून गेलं. बघतो. बायकोला विचारतो, ती आली तर दोघं.

रानवाट
काका, नक्की जा, दोघं जा.

सकाळी मी त्या घरच्या मुलाला फोन केला. आजी आता ९१ची. झाडं तोडली त्या दिवशी ती घराबाहेर आलीच नव्हती. पण एक बुंधा त्यांनी ठेवलाय, विहिरीजवळचा. त्याला बुडातून फुटवा आला होता, त्यावर दोन वर्षांपूर्वी लेच्चिनो जातीचं कलम बांधलं. ती जात या रोगापुढे टिकाव धरते. कलम लागलंय. यंदा त्यावर फळं आलीत, मूठभरच असतील म्हणाला. तोडायची कधी विचारलं तर म्हणाला, आजी म्हणते ती पोरगी येईपर्यंत थांबा.

ऑक्टोबरची तिकिटं बघतेय. आजी रोज दुपारी त्या झाडाशेजारी खुर्ची टाकून बसते म्हणे.