एकाच डिस्काउंट चेनच्या सांगली आणि साताऱ्याच्या शाखेत एवढा फरक का?

कृष्णाकाठची (प्रश्न)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस विचारीन विचारीन म्हणत होते, आज जरा निवांत आहे म्हणून सविस्तर लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी सांगलीत विश्रामबागला राहते आणि माहेर साताऱ्यात गोडोलीकडं. आई तिकडं एकटीच असते, वय ७१, दोन्ही गुडघे गेलेत. त्यामुळं दोन घरांचा महिन्याचा बाजार मीच भरते, आमचा इथं आणि आईचा तिकडं गेले की. दोन्हीकडं एकाच मोठ्या डिस्काउंट चेनची शाखा आहे. नाव लिहीत नाही कारण मला कुणाला बदनाम करायचं नाही, मला फक्त समजून घ्यायचंय की बोर्ड एक, पिशव्या एक, युनिफॉर्म एक, मग आत गेल्यावर दोन वेगळ्या दुकानांत आल्यासारखं का वाटतं.

साताऱ्यात आईला घेऊन गेलते. दारातच वॉचमनकाकांनी तिची चाल बघितली आणि न मागता स्टूल आणून दिलं, म्हणाले आजी तुम्ही इथं बसा, ताईंना घेऊ दे सामान. आई अर्धा तास बसली, काकांशी गप्पा मारल्या. बिलाला गेलो तर काउंटरवरच्या पोरीने तेलाचे डबे ट्रॉलीतून काढायलाच लावले नाहीत, स्वतः वाकून स्कॅन केले. बास एवढंच, पण आई अजून सांगते सगळ्यांना.

मागच्या महिन्यात आई इकडं आलती. सांगलीच्या शाखेत किराणा खाली आणि भांडी, चादरी वरच्या मजल्यावर. तिला कुकरचं गॅस्केट आणि दोन पातेली बघायची होती. लिफ्टपाशी गेलो तर लिफ्टमध्ये बिस्किटांचे बॉक्स थप्पीनं लावलेले, पोरगा म्हणाला माल चढतोय, जिन्यानं जा. मी म्हटलं अरे आजींना चढता येत नाही, तर म्हणे अर्धा तास थांबा. बसायला जागा नाही. आई ट्रॉलीच्या दांड्याला धरून उभी राहिली आणि शेवटी म्हणाली राहू दे गं पातेली, घरी आहेत की. ते वाक्य मला लई लागलं.

त्यात बिलाची गंमत नाही, त्रासच. धुण्याच्या पावडरीच्या रॅकवर पट्टीला २१८ लिहिलेलं, बिलात २३६ लागले. मी घरी येऊन बघितलं. आणि टूथपेस्टचा तोच पॅक, तेच ग्रॅम, साताऱ्यातल्या पॅकवरची एमआरपी कमी आणि सांगलीतल्यावर जास्त छापलेली! बिलाची रांग तर विचारू नका, काउंटर १४ आणि चालू ६.

तर प्रश्न असे की हे दर शाखेनुसार बदलतात का, बदलले तर चालतं का, आणि वागणुकीतला फरक हा मॅनेजरवर असतो का गावावर? आणि सांगायचं झालं तर कुणाला सांगायचं?

अजिंक्यताऱ्याखाली

ताई, साताऱ्याचं कौतुक वाचून बरं वाटलं पण तुम्ही बहुतेक मधल्या वारी गेला असणार. रविवारी संध्याकाळी येऊन बघा एकदा. वाई, कोरेगाव, मेढा सगळीकडची माणसं त्या दिवशी येतात, गाडी लावायला जागा नसते, तेच वॉचमनकाका शिट्टी वाजवून वाजवून दमलेले असतात, स्टूल कुठून देणार. १ ते १० तारखेत पगाराची गर्दी वेगळी. मी आता ठरवूनच टाकलंय, १५ तारखेनंतर, मंगळवार नाहीतर बुधवार, सकाळी उघडल्या उघडल्या. रॅक भरलेले असतात, फरशी पुसलेली असते, माणसं पण ताजी असतात, विचारलं तर नीट सांगतात.

पण एक मान्य, आमच्या शाखेत वाघ्या घेवडा सुट्टा मिळतो. कोरेगावकडचा हा घेवडा, त्याला २०१६ ला जीआय मिळालंय, म्हणजे त्या भागाची खासियत म्हणून सरकारी भौगोलिक मानांकन. सांगलीच्या पाहुण्यांना सांगितलं तर म्हणाले आमच्याकडं रॅकवर राजमाच आहे. म्हणजे गावाप्रमाणं माल थोडा बदलतात हे नक्की.

कराडचा जुना स्टाफ

मी अशाच एका चेनमध्ये (तुम्ही म्हणताय तीच असं काही नाही) साडेचार वर्षं काम केलंय, आधी फ्लोअरला आणि मग बिलिंगला, म्हणून आतलं सांगतो.

पहिलं टूथपेस्टचं. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी कमी झाला, टूथपेस्ट, शाम्पू, साबण, केसांचं तेल हे १८ वरून ५ टक्क्यांवर आलं. कंपन्यांनी नवीन एमआरपीचा माल काढला पण जुन्या एमआरपीचा माल गोडावनात होताच. आता ज्या शाखेत खप जास्त तिथला जुना माल आधी संपतो आणि नवीन येतो, जिथं कमी तिथं जुना पॅक रॅकवर राहतो. दोन्ही पॅकवर बारकोड मात्र एकच असतो हे लक्षात घ्या! काउंटरवर स्कॅन केलं की स्क्रीनवर दोन एमआरपी येतात आणि कॅशिअरने पॅक उलटा करून बघून बरोबर ती निवडायची असते. गर्दीत पोरगं पॅक उलटा करत नाही, पहिली दिसेल ती दाबतं. मुद्दाम नसतं ते, पण पैसे गिऱ्हाइकाचेच जातात. म्हणून एक सवय लावा, छापील एमआरपी वेगळी दिसली की कॅशिअरला आधीच सांगा की याची एमआरपी बघून लावा. जुन्या छपाईच्या पॅकला पण नवीन कमी झालेला कर धरूनच बिल व्हायला पाहिजे, छापलेलं जास्त आहे म्हणून जास्त घ्यायचं असं नाही.

दुसरं पट्टीचं. रॅकच्या कडेला जी पट्टी असते ती आपोआप बदलत नाही. भाव वरून बदलतो, सिस्टिममध्ये रात्रीत बदलतो, आणि सकाळी दुकान उघडायच्या आधी फ्लोअरच्या पोरांनी नवीन पट्ट्या छापून एक एक लावायच्या असतात. आमच्याकडं कधी कधी एका सकाळी दोनशे-अडीचशे पट्ट्या यायच्या. दोन माणसं आलेली नसली की जेवढ्या होतील तेवढ्या लावायच्या, बाकीच्या दुपारी. ऑफर संपलेली असते पण पट्टी जुनीच. तुमचे १८ रुपये तिथं गेलेत. चांगला मॅनेजर असला तर तो सकाळी हातात स्कॅनर घेऊन स्वतः एक फेरी मारतो, मी ज्याच्या हाताखाली शिकलो तो रोज मारायचा, आणि आमच्या शाखेत त्या काळात बिलाची भांडणं जवळजवळ बंद झालती. तो बदलून गेला आणि महिन्याभरात परत सुरू. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर, नव्वद टक्के मॅनेजर.

राहिलेले दहा टक्के इमारत. मागं माल उतरवायला वेगळा दरवाजा आणि मालाची वेगळी लिफ्ट असली तर गिऱ्हाइकाच्या वाटेत काही येत नाही. जुनी बिल्डिंग घेऊन दुकान टाकलं की एकच लिफ्ट, त्यात माणसं पण आणि बॉक्स पण. पण तरीसुद्धा आजींना वर न्यायला पाच मिनिटं बॉक्स थांबवता आले असते, ते चुकलंच. त्या पोराला कुणी सांगितलेलं नसणार की माणूस आधी.

आणि काउंटरचं, १४ बांधलेले असतात ते दिवाळीच्या हिशोबानं. रोज किती बसवायचे ते रोस्टरवर, म्हणजे ड्युटीच्या यादीवर. पगार कमी, आठ-नऊ तास उभं राहायचं, पोरं टिकत नाहीत. सांगलीसारख्या ठिकाणी दुसरी कामं मिळतात म्हणून लवकर सोडतात.

गणपती पेठेतला

माझं किराणाचं दुकान आहे, आजोबांपासून. त्यामुळं मी एका बाजूचा आहे हे आधीच सांगतो. या चेनची गिऱ्हाइकं गेली म्हणून राग नाही, तेलाचा डबा आणि साबण आम्हाला त्या भावात पडतच नाही, तिथून घ्या खुशाल.

पण ताई, सांगलीत राहून हळद आणि बेदाणा पाकिटातला घेऊ नका हो. आपल्या सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय मिळालंय, मार्केट यार्डात सौदे निघतात, अख्खी हळकुंडं घेऊन गिरणीतून दळून आणा, घरभर वास सुटतो. बेदाणा तासगावकडचा, हातात घेऊन दाबून बघता येतो, चिकट झालाय का, देठ आहेत का. बंद पाकिटात काय बघणार.

आणि पाकीट घेताना एकच गोष्ट बघा, छापील वजन. मोठा पॅक म्हणजे स्वस्त असं नसतं. आता पॅकवर एका ग्रॅमचा किंवा किलोचा भाव पण छापावा लागतो, बारीक अक्षरात एमआरपीच्या आसपास असतो, तो दोन पॅकचा शेजारी शेजारी धरून बघा. मी माझ्या गिऱ्हाइकांना पण हेच सांगतो.

आईंसाठी पातेली पाहिजे असतील तर भांड्याच्या दुकानात या, खुर्ची देतात, चहा विचारतात, आणि पातेलं वाजवून दाखवतात.

मिरजेची सिस्टर

मी मिरजेत हॉस्पिटलला आहे. आमच्याकडच्या शाखेचा अनुभव अगदी वेगळा. इथं बेळगाव, विजयपूर, अथणीकडचे पेशंट येतात, सोबतचे नातेवाईक रात्रीच्या बसनं उतरतात आणि सकाळी धावत दुकानात, चटई, बादली, मग, थर्मास, टॉवेल. मॅनेजरनं हे सगळं दारातून आत गेल्या गेल्या डाव्या हाताला एका रॅकवर लावलंय, नाहीतर बाकी शाखांत हे वर कुठंतरी कोपऱ्यात असतं. काउंटरवर दोघीजणी कन्नड बोलतात. परवा एक म्हातारे बाबा सुटे पैसे मोजत उभे होते, मागं रांग लागलेली, त्या पोरीने कन्नडमध्ये त्यांना काहीतरी सांगितलं, पैसे त्यांच्याच हातावर मांडून मोजले, बिलावर पेनानं गोल करून दाखवलं, मगच पुढचं गिऱ्हाईक घेतलं. मागचं कुणी ओरडलं नाही.

म्हणून मला वाटतं फक्त मॅनेजर नाही, ज्या गावची माणसं कामाला ठेवलीत त्यांना गावाची गरज माहिती असते. तेच बाहेरून बदलून आलेल्याला कळायला वर्ष जातं.

ग्राहक_सातारा

मी ग्राहक चळवळीत बरीच वर्षं आहे, मुद्द्याचं लिहिते.

शाखेनुसार भाव वेगळा ठेवणं बेकायदेशीर नाही. एमआरपी म्हणजे जास्तीत जास्त, त्याच्या खाली कितीलाही विकता येतं, सांगलीत एक आणि साताऱ्यात एक असलं तरी. पण रॅकवर २१८ दाखवून २३६ घेणं हे वेगळं. तिथं दाखवलेल्या भावात द्या असा आग्रह धरायचा. पट्टीचा फोटो काढून ठेवा, बिलासकट. फोटो नसला की बोलणं हवेत जातं.

दुसरं, माल खराब निघाला आणि "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" म्हणाले तर घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आहे, बिलावर मुदत लिहिली असेल तर तेवढ्यात आणि नसेल लिहिली तर ३० दिवसांत सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली जाते.

तिसरं, काही शाखांत मोबाईल नंबर दिल्याशिवाय बिलच करत नाहीत. नंबर द्यायची सक्ती करू नका असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्ये दुकानदारांना कळवलेलं आहे. नको असेल तर शांतपणे नाही म्हणा.

क्रम असा ठेवा, आधी त्याच शाखेचा मॅनेजर, लेखी. मग बिलावर छापलेला कस्टमर केअरचा नंबर किंवा मेल. मग १९१५, ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन, मराठीत बोलता येतं. छापील एमआरपीपेक्षा जास्त घेतलं किंवा वजनात कमी भरलं तर वजनमापे खातं. १८ रुपयांसाठी कशाला असं वाटेल, पण ती पट्टी तशीच राहिली तर दिवसात शंभर माणसांचे १८ जातात.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील वाटलं नव्हतं.

काल परत गेलते, बुधवारी सकाळी, अजिंक्यताऱ्याखाली यांनी सांगितलं तसं. पावडरीची पट्टी अजून २१८ च होती! फोटो काढला आणि मॅनेजरला भेटायचंय म्हटलं. तरुण मुलगा आहे, बदलून येऊन दोनच महिने झालेत. मी आवाज चढवला नाही, फोटो दाखवला, बिल दाखवलं आणि एका कागदावर आईचं सगळं लिहून नेलं होतं ते दिलं. त्याने उभ्या उभ्या पूर्ण वाचलं. पट्टी माझ्यासमोर काढली, १८ रुपये परत दिले, कागदाच्या झेरॉक्सवर सही शिक्का दिला. लिफ्टचं म्हणाला की माल सकाळी १० च्या आत आणि दुपारी ३ ते ४ एवढाच चढवायचा असं करतो, आणि लिफ्टपाशी दोन खुर्च्या ठेवतो. काउंटर मात्र वाढणार नाहीत, माणसंच नाहीत असं सरळ सांगितलं.

निघताना ज्या पोराने त्या दिवशी जिना दाखवला होता तो भेटला. मी काही बोलले नाही, त्यानंच ओळखलं आणि विचारलं, आजी नाही आल्या का?

आई पुढच्या महिन्यात डोळे तपासायला मिरजेला येणार आहे, तेव्हा दुपारी १२ ला घेऊन जाईन. खुर्च्या आहेत का नाहीत ते इथं लिहिते. आणि गणपती पेठेतले दादा, हळकुंडं घ्यायला तुमच्याकडं येते, पण भांड्यांचं चांगलं दुकान कुठलं तेवढं सांगून ठेवा.