नूतनीकरणात जमिनीखालचं हीटिंग घालावं का?

उंबरठा:
जुन्या घराचं काम काढलंय. तळमजल्यावरच्या फरश्या निघणारच आहेत. बैठक आणि स्वयंपाकघर मिळून ४० चौरस मीटर, बाथरूम ४ चौरस मीटर. फरशीखाली काँक्रीटचा जुना स्लॅब आहे, इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) अजिबात नाही. आईचे गुडघे थंडीत इतके आखडतात की ती खोलीतसुद्धा पाय वर घेऊन बसते. कंत्राटदार म्हणतो, सगळीकडे इलेक्ट्रिक मॅट (तापणाऱ्या तारांची जाळी) टाकू, दोन दिवसांत काम उरकेल. प्लंबर म्हणतो, गरम पाण्याचे पाइप घाला. वरच्या मजल्यावर झोपायच्या खोल्या आहेत, तिथे कार्पेट. एवढा खटाटोप करण्यात अर्थ आहे का?

लेव्हलपट्टी:
मी हेच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमचा कंत्राटदार आणि प्लंबर दोघेही बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या खोल्यांपुरते.

बाथरूमला डोळे झाकून इलेक्ट्रिक मॅट घाला. कमोड आणि कपाटाखालची जागा सोडली तर ३ चौरस मीटर उरतात. चौरस मीटरला १५० वॉट धरले तर ४५० वॉट. सकाळ-संध्याकाळ मिळून दोन तास चाललं तरी एका युनिटच्या आत. मॅट जेमतेम ३-४ मिलिमीटर जाड असते, टाइलच्या चिकटवणीतच बसते.

तीच मॅट ४० चौरस मीटरला टाकली तर ओटा-कपाटं वगळूनही पूर्ण चालू असताना पाच किलोवॉटच्या आसपास जाते. थर्मोस्टॅट मधूनमधून बंद करेल, पण अख्खा हिवाळा खोली त्यावरच तापवायची असेल तर बिल झेपणार नाही. इथे पाणीच हवं. रेडिएटरला, म्हणजे भिंतीवरच्या गरम पाण्याच्या पॅनलला, ६०-७० अंशांचं पाणी लागतं, जमिनीला ३५ ते ४५ पुरतं. म्हणूनच हीट पंपाशी (बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता घरात आणणारं यंत्र) याची जोडी जमते: कोमट पाणी द्यायचं असेल तर एका युनिट विजेत तो तीन-चार युनिट उष्णता देतो.

पण आधी खालचं इन्सुलेशन. ते नसेल तर पैसे देऊन माती तापवाल. स्लॅब फोडणार असाल तर खाली १०० मिलिमीटरचे बोर्ड, वर पाइप आणि ६५-७५ मिलिमीटर कोबा. फोडणार नसाल तर पाइप बसवायच्या खाचा असलेले १५-२० मिलिमीटरचे पॅनल मिळतात. त्यांत इन्सुलेशन नावालाच असतं, आणि दारं तासावी लागतात ती वेगळीच.

दुसरं, जमिनीला मर्यादा आहे. बसण्या-उठण्याच्या खोलीत पृष्ठभाग २९ अंशांच्या वर नेत नाहीत. खोली २० अंशांवर ठेवायची असेल तर चौरस मीटरला सुमारे १०० वॉट मिळतात, त्यापुढे नाही. खिडक्यांच्या फटींतून वारा येत असेल तर आधी त्या बुजवा.

दुसरा मजला:
आमच्याकडे कोब्यातलं आहे. आल्यावर बटण दाबलं आणि ऊब आली, असं होत नाही. तापायला काही तास लागतात, निवायलाही तितकेच. रात्री दोन-तीन अंश कमी ठेवतो, पूर्ण बंद करत नाही. ज्यांचं घर दिवसभर रिकामं असतं त्यांना हे सोसत नाही. तुमच्या आई घरीच असतात, त्यांना मात्र फार आराम मिळेल. आमच्या सासूबाई आता पायमोजे घालत नाहीत. वरच्या खोल्यांत रेडिएटरच राहू द्या. जाड कार्पेट उष्णता अडवतं आणि झोपायच्या खोलीला एवढी ऊब लागतही नाही.

उंबरठा:
दोघांचेही आभार. स्लॅब फोडायचा असं आता मन होतंय. बैठकीत लाकडी फ्लोअरिंग चालेल का? आणि काम चालू असताना मी नेमकं काय बघू?

लेव्हलपट्टी:
चालेल. थरांचं इंजिनिअर्ड लाकूड घ्या, भरीव फळ्या नकोत, आणि पृष्ठभाग २७ अंशांच्या वर जाऊ देऊ नका. तरी आईंच्या खुर्चीखाली मी टाइलच सुचवेन, पायाला ऊब लगेच लागते.

फोडण्याआधी पाया किती खोल आहे ते जाणकाराकडून बघून घ्या. १६ मिलिमीटरचा पाइप १५ सेंटिमीटर अंतराने घातला तर ४० चौरस मीटरला २७० मीटरच्या आसपास लागतो. एक लूप (पाइपचा एक सलग फेरा) १०० मीटरच्या आत ठेवतात, म्हणजे तीन लूप, मॅनिफोल्ड (सगळे लूप जिथे जोडतात तो सांधा) लांब असेल तर चार. प्रत्येक लूप अखंड हवा, कोब्याखाली एकही जोड नको. पाइपात दाब भरून ठेवा आणि कोबा ओतताना दाबमापकाचा काटा तुमच्या डोळ्यांनी बघा. ओतण्याआधी मोजपट्टी खाली ठेवून प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढा, पुढे कोणीतरी दाराचा स्टॉपर बसवायला ड्रिल घेऊन येतंच.

बाथरूमच्या मॅटचा विद्युत रोध तीनदा मोजायला लावा: खोक्यातून काढल्यावर, अंथरल्यावर, टाइल बसल्यावर. तिन्ही वेळा लेबलशी जुळायला हवा. जमिनीचं तापमान मोजणारा सेन्सर नळीतून घाला, म्हणजे बिघडला तर टाइल न फोडता बदलता येतो.

सिमेंटचा कोबा असेल तर २१ दिवस हीटिंग लावू नका. मग तीन दिवस २५ अंशांचं पाणी आणि त्यानंतर हळूहळू वर. कंत्राटदार घाई करेल, कारण पुढचं फ्लोअरिंग अडलेलं असतं. वेळापत्रकात हे दिवस आत्ताच लिहून घ्या.