रॅक प्रोसेसर अँपच्या लूपमध्ये लावला की गिटारचा आवाज पोकळ होतोय, काय चुकतंय?

सहा_तारा_सांगली
नमस्कार मंडळी. माझ्याकडे मार्शल जेव्हीएम ४१० हेड आहे. इतकी वर्षं पुढे पाच पेडल टाकून वाजवत होतो, पण ऑर्केस्ट्रात एका गाण्याला क्लीन कोरस आणि लगेच पुढच्याला लीड विथ डिले, दर वेळी तीन पेडल दाबेपर्यंत गाण्याची पहिली ओळ निघून जायची. म्हणून सेकंडहँड टीसी इलेक्ट्रॉनिक जी-मेजर (डिले, रिव्हर्ब, कोरस असे इफेक्ट देणारा रॅक प्रोसेसर) घेतला आणि सोबत बेहरिंगरचा एफसीबी१०१० फूटबोर्ड. अँपच्या इफेक्ट लूपमध्ये, म्हणजे सेंड (आवाज बाहेर देणारा जॅक) मधून जी-मेजरला, तिथून परत रिटर्नला (आवाज परत आत घेणारा जॅक), असं जोडलंय. डिले मस्त ऐकू येतो पण मूळ गिटारच पोकळ झालीय, पाइपातून बोलल्यासारखी. लूपचं मिक्स नॉब मध्यावर आहे, जरा इकडेतिकडे केलं की पोकळपणा बदलतो पण जात नाही, प्रोसेसर बायपास केला तरी तेच. मिक्सरला डायरेक्ट लावून बघितलं तर आवाज साफ येतो. वर हमिंग पण आहे. एक जण जुना लेक्सिकॉन एमपीएक्स १ देतोय, हा विकून तो घेऊ का?

तारयंत्र
विकू नको, मशीन चांगलं आहे. जेव्हीएमच्या त्या लूपला मिक्स नॉब आहे म्हणजे तो पॅरलल चालतो. अर्धा आवाज अँपच्या आतून सरळ जातो आणि अर्धा प्रोसेसरमधून फिरून येतो. आता प्रोसेसर डिजिटल, आवाज आत घेऊन आकड्यात बदलायचा आणि परत बाहेर काढायचा यात एखाद मिलिसेकंद जातोच. तोच ड्राय (इफेक्ट नसलेला मूळ) आवाज दोनदा पोचला, एकदा वेळेवर आणि एकदा १ मिलिसेकंद उशिरा, की ५०० हर्ट्झला खड्डा पडतो, मग १५००, २५०० असे पडतच जातात. गिटारचा सगळा जीव त्याच मिडरेंजमध्ये असतो, म्हणून पोकळ वाटतं. बायपासमध्ये पण ड्राय आतूनच फिरून येतो म्हणून तिथेही तेच.
मेनूत किल ड्राय शोध आणि ऑन कर, म्हणजे प्रोसेसर फक्त डिले-रिव्हर्ब बाहेर देईल आणि ड्राय अँप सांभाळेल. नाहीतर किल ड्राय ऑफ राहू दे आणि अँपचं मिक्स पूर्ण वेटकडे फिरव, म्हणजे फक्त प्रोसेसरमधून आलेला आवाज. दोन्हीपैकी एकच कर, दोन्ही केलंस तर नुसता डिले उरेल, गिटारच ऐकू येणार नाही.

जुना_बेसवाला
वरचं बरोबर आहे, पण एक भर घालतो. पॅरलल लूप डिले, रिव्हर्ब, फार तर कोरस एवढ्यालाच ठीक. ट्रेमोलो, ईक्यू, कंप्रेसर, नॉइज गेट यांना पूर्ण सिग्नल हातात लागतो, ड्राय शेजारून जात असेल तर ट्रेमोलो अर्धवट लागतो आणि गेट बंद झाला तरी खरखर चालूच राहते. जी-मेजरमध्ये हे सगळं आहे आणि तुला वापरायचं असणारच. जेव्हीएमच्या मागे पॉवर अँप इन्सर्ट म्हणून वेगळे जॅक आहेत बघ, तो सिरीज आहे, म्हणजे सगळा आवाज प्रोसेसरमधूनच जातो. मी असतो तर सरळ तिथे लावला असता.
लेव्हल मात्र बघून घे. +४ आणि -१० या दोन लाइन लेव्हलमध्ये जवळपास १२ डीबीचा फरक पडतो. इनपुट मीटर जोरात वाजवताना लालच्या जरा खाली राहील असा ठेव, मग बायपास चालू-बंद करून आवाज सारखा येईपर्यंत आउटपुट लाव. आणि वाह, ओव्हरड्राइव्ह गिटार आणि अँपच्या मधेच ठेव, ती रॅकमध्ये नेऊ नको. गिटार डायरेक्ट रॅकच्या लाइन इनपुटला तर कधीच नको. पिकअपला १ मेगओहमच्या आसपास इनपुट लागतो, लाइन इनपुट त्याच्या कितीतरी खाली असतो, ट्रेबल मरून जाते.

सहा_तारा_सांगली
दादा, किल ड्राय ऑन केलं आणि खरंच दोन मिनिटात आवाज परत आला, एक महिना उगाच केबल बदलत बसलो होतो. रविवारी इन्सर्टला लावून बघतो. पण हमिंग तसंच आहे, मांडवात तर फारच.

मांडव_साउंड
हमिंग अर्थिंगचं आहे. अँप आणि प्रोसेसर दोघांची अर्थ प्लगमधून जोडलेली, परत केबलच्या शील्डमधून जोडलेली, आणि रॅकच्या लोखंडी पट्टीला स्क्रूने तिसऱ्यांदा. मागे गणपतीत एका मंडळाच्या स्टेजवर अँप जनरेटरवर आणि रॅक लाइटवाल्याच्या बोर्डवर होता, स्टेजभर घुंग आवाज, दोन्ही प्लग एकाच पट्टीत घातले तेव्हा बराच गेला. आधी तेच कर. मग प्रोसेसरचे पुढचे चार स्क्रू सैल करून बघ, हमिंग कमी झालं तर प्लास्टिकचे वॉशर घाल. तरी राहिलं तर सेंडच्या केबलमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरचा छोटा डबा टाक. हात जोडून सांगतो, प्लगची अर्थ पिन काढू नको, कुणी कितीही सांगितलं तरी. व्हॉल्व्ह अँपमध्ये आत चारशेच्या वर व्होल्ट असतात, आत काही फुटलं तर ते गिटारच्या तारांवर येणार आणि समोर माइकला ओठ टेकलेला असतो.

तारयंत्र
लेक्सिकॉनचं राहिलंच. रिव्हर्ब अप्रतिम आहे, स्टुडिओत रेकॉर्डिंग करत असशील तर घे, पण स्टेजवर तुझं काम या मशीनने होतंय. जुना रॅक कुठलाही घेताना मागचं लेबल वाच, फक्त १२० व्होल्ट लिहिलं असेल तर आपल्याकडे स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, तो दोन किलोचा ठोकळा प्रत्येक कार्यक्रमाला उचलावा लागतो. आणि आतली मेमरीची बॅटरी कधी बदललीय विचार, ती गेली की केलेले सगळे पॅच (साठवलेली सेटिंग) जातात.
त्यापेक्षा एक मिडी केबल (एका यंत्राकडून दुसऱ्याला बटणाचा हुकूम पाठवणारी) घे. फूटबोर्डमधून जी-मेजरच्या मिडी इनला, त्याच्या थ्रूमधून जेव्हीएमच्या मिडी इनला. दोघांचा मिडी चॅनेल बघून घे आणि कुठल्या प्रोग्रॅम नंबरला अँपचा कुठला चॅनेल (क्लीन, लीड) ते अँपला एकदा शिकव. मग एकाच बटणावर अँप क्लीनवरून लीडला जातो आणि डिले पण चालू होतो.

सहा_तारा_सांगली
अँपला मिडी आहे हे लक्षातच आलं नव्हतं, मागे बघितलं, आहे. केबल किती लांब चालते? फूटबोर्ड ते रॅक माझं सात-आठ मीटर होतं.

जुना_बेसवाला
१५ मीटरपर्यंत चालते, बिनधास्त घे. फक्त केबल अशी टाक की येताजाता कुणाचा पाय पडणार नाही.