प्रतिसाद: 'द लॉस्ट वर्ल्ड'चा शेवट कादंबरीतला नाही

'द लॉस्ट वर्ल्ड' या १९२५च्या मूकपटात लंडनच्या रस्त्यांवर डायनासोर धुमाकूळ घालतो तो शेवट कॉनन डॉयलच्या कादंबरीतूनच उचललाय, असं वर कुणीतरी म्हटलंय. ते तितकंसं बरोबर नाही. १९१२च्या कादंबरीत डायनासोरांच्या शोधमोहिमेचा म्होरक्या प्रोफेसर चॅलेंजर पुराव्यादाखल टेरोडॅक्टिल या उडणाऱ्या प्राचीन प्राण्याचं एक पिल्लू आणतो आणि ते भर सभेत खिडकीतून उडून जातं, बास. मूकपटात त्याचा अख्खा ब्रॉन्टोसॉरस, म्हणजे अवाढव्य डायनासोर झाला, आणि त्याच्या वजनाने पूलही कोसळला. मोहिमेत बाई घुसवली तीही सिनेमावाल्यांनीच! मला विचाराल तर तिचं प्रेमप्रकरण सरळ फास्ट फॉरवर्ड करावं, काही बिघडत नाही.

त्यातले डायनासोर 'आज बघताना हसू येतं' हे वर आलेलं मतही पटलं नाही. बाहुल्या एकेका फ्रेमला किंचित हलवून त्यांना जिवंत करणाऱ्या विलिस ओब्रायनसाठी मार्सेल डेलगाडोने बनवलेल्या त्या डायनासोरच्या बाहुल्यांत धातूचा सांगाडा आणि वर रबराची कातडी होती. काहींच्या पोटात हवेची पिशवीसुद्धा बसवलेली, एकेका फ्रेमला ती थोडी फुगवायची नाहीतर सोडायची. नीट बघा, प्राणी नुसता उभा असला तरी बरगड्या हलताना दिसतात. १९२२मध्ये डॉयलने न्यूयॉर्कला जादूगारांच्या मेजवानीत यातलीच चाचणीची रिळं काही न सांगता दाखवली, प्रेक्षकांत खुद्द नामांकित जादूगार हूडिनी. दुसऱ्या दिवशी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये पहिल्या पानावर बातमी, की हे प्राणी खरे की काय! डॉयलने मग हूडिनीला पत्र लिहून खुलासा केला. हातचलाखीवर पोट भरणाऱ्यांनाच गंडवलं म्हणजे बघा.