लिफ्ट पुन्हा दोन इंच खाली

६०२ काकू: आज परत तेच! लिफ्ट दोन इंच खाली थांबली. आईंचा पाय अडखळला, मी धरलं म्हणून वाचल्या. कोणी लक्ष देणार आहे का?

३०१: लिफ्टचे रोप, म्हणजे ती टांगलेली असते ते दोर, कधी बदलले होते?

सचिव: काकू, लागलं नाही ना? मेकॅनिक दुपारी येतोय.

६०२ काकू: लागलं नाही, घाबरल्यात. दुपारी येतो असं मागच्या सोमवारीही म्हणाला होता.

४०४: परवा कोणीतरी लिफ्टमधून कपाट चढवलं. तेव्हापासून सुरू झालंय.

२०३: आडून कशाला बोलता? कपाट आमचं. जिन्यानेच नेलं, वॉचमनला विचारा.

३०१: रोपचं कोणी सांगेल का?

८०२: आमच्याकडे उलटंच आहे. रिकामी वर आली की उंबऱ्याच्या वर थांबते.

५०१ काका: काकू, तुमच्याकडे आली तेव्हा वरून भरून आली होती का?

६०२ काकू: हो, शाळेची मुलं होती, दप्तरांसकट.

५०१ काका: मग ब्रेकच. दोराच्या दुसऱ्या टोकाला तोलासाठी काउंटरवेट असतं, त्याचं वजन कॅबिन आणि साधारण निम्मी माणसं एवढं असतं. भरलेली लिफ्ट खाली ओढते, रिकामीला काउंटरवेट वर खेचतं. आपली जुनी मशीन ब्रेकवरच थांबते. ब्रेकचं लायनर, म्हणजे घासून थांबवणारं अस्तर, झिजलं की त्या त्या बाजूला थोडी पुढे सरकते. मागच्या सर्व्हिसिंगला मी मशीन रूममध्ये होतो. मेन बंद केल्यावर मेकॅनिकने ब्रेकच्या ड्रमखालून बोट फिरवलं, काळी भुकटी निघाली. तेव्हाच सांगितलं होतं.

सचिव: काका, तेव्हा मीटिंगमध्ये पार्किंगच गाजलं.

४०४: पार्किंगही सुटलेलं नाहीच.

८०२: लाइट गेली आणि ब्रेक लागलाच नाही तर?

५०१ काका: उलट आहे ते. ब्रेक स्प्रिंगने आवळलेलाच असतो, वीज तो सोडवते. लाइट गेली की आपोआप लागतो.

३०१: आणि रोप तुटला तर?

५०१ काका: एकच नसतो हो, आपल्याला चार आहेत. वेग मर्यादेबाहेर गेलाच तर गव्हर्नर, म्हणजे वेगावर लक्ष ठेवणारं चाक, अडकतो आणि कॅबिनखालचे जबडे गाईड रेल धरतात. १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात लिफ्ट बनवणाऱ्या ऑटिसने स्वतः लिफ्टवर उभं राहून दोर कापायला लावला होता, लिफ्ट जागच्या जागी अडकली. माणसं जास्त जखमी होतात ती अडखळून, नाहीतर अडकल्यावर दार ओढून बाहेर उडी मारताना.

६०२ काकू: मग लायनर बदलेपर्यंत लिफ्ट बंद ठेवा. आम्ही आईंना खुर्चीवरून उतरवू.

२०३: काकू, माझी दोन्ही मुलं येतील उचलायला.

३०१: तरी रोपची तारीख रजिस्टरमधून बघा.

सचिव: बघतो. मेकॅनिक गेटवर आलाय.

५०१ काका: थांबव त्याला, मी येतोय वर.